गुप्ताजींचं बिल

विजेच्या बिलाचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून सांगतो. एरवी हा किस्सा मी कुणाला सांगत नाही. सांगायला लागलो की आमची नंदा स्वयंपाकघरात भांडी आपटते. ऐका, सुरू झाली! असू दे. चहा घ्या. माणूस गाढव होऊ शकतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण ऑडिटमध्ये उभा जन्म काढलेला माणूस, दुसऱ्याच्या कागदातली एका रुपयाची चूक शोधून त्याला घाम फोडणारा माणूस, किती मोठं गाढव होऊ शकतो ते आज ऐकून ठेवा.

तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडाला आलो होतो. देशात सगळं नवं नवं चाललं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी हप्ते, कर्ज, मारुती आणि केबल. ऑफिसात जो तो विचारायचा, "वानखेडे, फ्लॅट घेतला की नाही?" घेतला बाबा! सेक्टर नवा, रस्ते नवे, झाडं गुडघ्याएवढी आणि धूळ गळ्यापर्यंत. घेतला तोही इथल्या पद्धतीनं, पॉवर ऑफ अटॉर्नीवर. म्हणजे मूळ ज्याच्या नावावर फ्लॅट निघाला त्यानं दुसऱ्याला मुखत्यारपत्र लिहून दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तो तिसरा मी. कागदावर मालक एक, राहणारा भलताच. निम्मी सोसायटी अशीच होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

राहायला आलो, महिने गेले, पण विजेचं बिल काही येईना. दुसरा कुणी असता तर देवाला नारळ फोडून गप्प बसला असता. माझा पिंड पडला सरकारी! बिल आलं नाही की मला जेवण गोड लागत नाही. थकबाकी चढत असेल, दंड लागत असेल, एक दिवस येऊन कनेक्शन कापतील! शेवटी गेटवरच्या चौकीदाराला गाठलं. त्याच्याकडे बिलं वाटून एकच उरलं होतं, कुणा आर. पी. गुप्ता नावाच्या माणसाचं. पत्त्यात सेक्टर होता, सोसायटीचं नाव होतं, आमचा ब्लॉक होता. फ्लॅटचा नंबर तेवढा नव्हता.

"ये किसका है?"

"पता नहीं साब. गुप्ता तो इस ब्लॉक में कोई है ही नहीं."

झालं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा गुप्ता म्हणजे आमच्याच फ्लॅटच्या आधीच्या मालकांपैकी कुणीतरी असणार. आमच्या कागदांत हे नाव नव्हतं, पण अशा व्यवहारांत मधली नावं गळतातच. दुसरा कोण? मी त्या चौकीदाराला वर सुनावलं, "ये हमारा है. आगे से सीधा हमारे यहाँ देना." संकट सही करून घेतलं म्हणालात तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल, नुसतं एवढ्यावर? अहो, लक्ष्मीबाई नगरात राहिलेल्या माणसाला हे विचारू नका. तिथं आमच्या क्वार्टरचं बिल शेवटपर्यंत एका सुब्रमण्यमच्या नावानं यायचं. कधीकाळी तिथं राहून गेलेला कुणीतरी. त्याची बदली झाली, तो गेला, नाव राहिलं. शेजारच्यांचं बिल कुणा बॅनर्जीच्या नावानं. नाव बदलायला कुणी जात नसे, कारण अर्ज हलेपर्यंत आपलीच बदली व्हायची. बिल आलं की भरायचं, नाव वाचायचं नाही, अशी आमची सगळ्यांचीच रीत. आमची मिनू लहान असताना विचारायची, "पप्पा, सुब्रमण्यम अंकल घर कब आएँगे?"

नंदा मात्र म्हणाली, "अहो, एकदा ऑफिसात विचारून तर या. भलत्याचंच असलं म्हणजे?"

"सुब्रमण्यम आपला कोण लागत होता? भरलंच ना?"

"ते क्वार्टर होतं. हे आपलं घर आहे."

"नंदे, ऑडिट मी करतो की तू?"

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवू नका. तिनं ठेवलंय तेवढं पुरे आहे.

बरं, मी अगदीच डोळे मिटून भरलं असंही नाही हं! जिन्याखाली मीटरची खोली होती. टॉर्च घेऊन आत शिरलो, कोळिष्टकं तोंडावर घेतली, बिलावरचा मीटर नंबर भिंतीवरच्या मीटरशी ताडून पाहिला. जुळला! फ्लॅटचे नंबर कुणीतरी रंगानं लिहिलेले होते, पण बिल्डरनं त्यांच्यावरून चुना फासला होता. त्यानं काय अडतं? मीटर आहे, नंबर जुळतो, बिल खरं. बरोबरची खूण केली आणि भरून आलो. दर वेळी भरत राहिलो, शेवटच्या तारखेच्या आधी!

होळीनंतर मी बाबांना घेऊन आलो. बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून अमरावतीला एकटेच राहायचे. त्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दूधवाला दार वाजवेपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. मला कळलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो, खोटं कशाला सांगू? म्हटलं, आता म्हाताऱ्याला एकटं ठेवायचं नाही. पण बाबा महाहट्टी. म्हणाले, "एक उन्हाळा काढून बघतो तुझ्याकडे. जमलं तर राहीन. नाही जमलं तर मला अडवायचं नाही. कबूल?"

कबूल म्हटलं. म्हणजे मला करायचं काय होतं? एक उन्हाळा बापाला सुखात ठेवायचं. त्यात नापास व्हायला किती अक्कल लागते? मला विचारा!

ऊन तापायला लागलं आणि जे बिल आलं, ते बघून माझे डोळे पांढरे झाले. पगाराचा केवढा लचका! घरात होतं काय आमच्या? एक फ्रिज, एक टीव्ही, पंखे आणि बाबांच्या खोलीच्या खिडकीत कूलर. तडक वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथली तऱ्हा काय सांगायची? पहिली खिडकी म्हणे दुसऱ्या खिडकीवर जा. दुसरी म्हणे साहब लंचला गेलेत. साहब लंचहून आले, दात कोरत म्हणाले, पहिल्या खिडकीवर जा.

"भाईसाहब, इतना बिल हमारा आ ही नहीं सकता," मी म्हटलं.

"कंप्यूटर से निकला है जी."

"पण कुणी चेक तर करा!"

"पहले जमा कराओ, फिर शिकायत लिखो. जाँच होगी. जाँच तक जो बिल आएगा, वो भी जमा कराओ."

"आणि जाँच कधी होणार?"

"शिकायत का नंबर आएगा तब."

असं ते माणसाला गोल गोल फिरवतात. मी पैसे भरले, तक्रार लिहिली, आणि घरी येऊन जाहीर केलं की आजपासून या घरात वीज वाचवली जाईल. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी एकदा मनावर घेतलं की घेतलं!

इस्त्री बंद. टीव्ही फक्त बातम्यांपुरता. फ्रिज दुपारी बंद, मग दूध नासलं की नंदाच्या नावानं शिमगा. एका खोलीत दिवा असेल तर दुसरीत नाही. मिनू कॉलेजातून यायची आणि म्हणायची, "पप्पा, अंधेरे में पढूँ क्या?" रात्री जेवायला मेणबत्ती. नंदा म्हणायची, "लोक हॉटेलात जाऊन पैसे देतात अशा जेवणाला. आमच्याकडे रोज!"

पुढचं बिल आलं. आधीपेक्षा जास्त!

आता शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता ना? वीज कमी वापरतोय आणि बिल वाढतंय, म्हणजे गडबड कुठे आहे? मी विचार केला. माझ्या डोक्यातून दोन निष्कर्ष निघाले. एक, कंपनी चोर आहे. दोन, घरात कुणीतरी माझ्या पाठीमागे दिवे लावतंय.

आणि मी कुणावर संशय घ्यावा? बाबांवर. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. बाबा पहाटे उठायचे, त्यांना न्हाणीघरात दिवा लागायचा. एकदा सकाळी तो चालू राहिलेला दिसला आणि मी बोललो. आवाज चढवून बोललो. "बाबा, हे अमरावती नाही. इथं एकेका बटणाचे पैसे पडतात."

बाबा "बरं," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते अंधारातच न्हाणीघरात जायला लागले, भिंतीला हात लावून. मला वाटलं, वा, ऐकलं बुवा म्हाताऱ्यानं! ज्या माणसाला न्हाणीघरात पडला म्हणून उचलून आणलं, त्यालाच मी अंधारात न्हाणीघरात पाठवत होतो. आणि खूश होत होतो!

कूलरचं तर विचारूच नका. आधी म्हटलं, पंप बंद, नुसता पंखा. मग म्हटलं, पंखाही दुपारी बंद, खिडकीला ओला पंचा बांधा. नोएडाचा मे महिना! बाहेर लू सुटलेली, भिंतीला हात लावला तर चटका बसतोय, आणि आत बाबा पंच्याखाली बसलेत. एक दिवस ऑफिसात नंदाचा निरोप आला की बाबा चक्कर येऊन पडले. धावत घरी आलो तर बाबांना आमच्या वरच्या भाटियांनी आपल्या गाडीत घालून डॉक्टरकडे नेलेलं. भाटिया तिसऱ्या मजल्यावर राहायचे, आमच्या बरोब्बर दोन मजले वर. कपड्यांचा एक्स्पोर्टचा धंदा, गळ्यात चेन, तोंडात कायम "ओ जी, मौज करो!"

डॉक्टर म्हणाले, "लू लगी है. घर में कूलर नहीं है क्या?"

भाटियांनी माझ्याकडे बघितलं. नंदानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

घरी आल्यावर कूलर लावला, नाही असं नाही. पण मी येता जाता त्या कूलरकडे असा बघायचो, की बाबा स्वतःच उठून बंद करायचे. "आता बरं वाटतंय रे, राहू दे." आणि थोड्याच दिवसांत त्यांनी नवीन शोध लावला. म्हणाले, "मार्केटच्या मागं वाचनालय आहे. दुपारी तिथंच बसत जाईन. पंखे आहेत, पेपर आहेत."

मला केवढा आनंद झाला! सार्वजनिक पंखा! फुकट! मी ऑफिसात सांगत सुटलो की आमच्या बाबांना नोएडा मानवलं. रोज जेवण झालं की जायचे, चार वाजता हसतमुख यायचे. तब्येत सुधारली, गालावर तेज आलं. मला वाटलं, उन्हाळ्याची परीक्षा आपण काढली. बाबा राहतात!

पण बिल? बिल आणखी वर!

मग माझ्यातला ऑडिटर जागा झाला. रविवारी दुपारी नंदाला सांगितलं, घरातलं मेन स्विच बंद कर. ते बंद झालं तसा जिन्याखाली गेलो, मीटरवर टॉर्च मारली. काय बघतो तर चकती गरगर गरगर! घरात एक दिवा नाही, एक पंखा नाही, आणि मीटर दळण दळतोय! मी तिथंच ओरडलो, "सापडला चोर!"

सोसायटीत ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. प्रत्येकाच्या मनात बिलाचा राग होताच. कुणाला सरासरीचं बिल, कुणाच्या बंद घराला बिल, कुणाला दोनदा. त्यांना पुढारी मिळाला! मी रोज संध्याकाळी लोकांना प्रयोग करून दाखवायला लागलो. वरून नंदा मेन बंद करायची, खाली चकती फिरायची, लोक टाळ्या वाजवायचे. "वानखेडे साब, आप तो छा गए!" मला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. मी भाषणं द्यायला लागलो, हिंदीतून! सगळ्यांना घेऊन ऑफिसावर मोर्चा नेला. इंजिनिअरच्या टेबलावर हात आपटून म्हणालो, "कल आइए, सबके सामने जाँच कीजिए. जो नियम में हो, वही कीजिए. किसी को छोड़ना मत!"

शेवटचं वाक्य मीच म्हणालो हं. साक्षीला अख्खी सोसायटी होती.

एकच माणूस मोर्चाला आला नाही, भाटिया. म्हणाले, "ओ जी, हमें क्या. हमारे यहाँ तो बिल आता ही नहीं." मला वाटलं, श्रीमंताचा माज. लाच देऊन मिटवलं असणार.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला, बरोबर शिडीवाला लाइनमन. मी ऑफिसातून सुट्टी घेतलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. हो, त्या दिवशी इस्त्री केली. जिन्यापाशी ही गर्दी! बायका बाल्कनीत. मेन बंद केलं, चकती फिरताना दाखवली. लोकांनी घोषणा दिल्या. इंजिनिअर शांतपणे मीटरकडे बघत म्हणाला, "देख लेते हैं." आणि त्यानं त्या मीटरचा फ्यूज उपसून काढला.

चकती थांबली.

आणि तिसऱ्या मजल्यावरून खणखणीत मराठीत आवाज आला, "अरे कोण आहे रे तो? एसी बंद पडला की!"

मी वर बघितलं. भाटियांच्या बाल्कनीत माझे बाबा! अंगात गंजीफ्रॉक, हातात लस्सीचा उंच पेला. मला बघून म्हणाले, "तू आहेस होय! अरे तो फ्यूज घाल बाबा, मॅच चाललीय इथं."

इंजिनिअरनं मला विचारलं, "ये बुज़ुर्ग कौन हैं?"

"मेरे पिताजी."

"ऊपर वाला फ्लैट आपका है?"

"नाही… मेरा पहला माला."

"तो जी, आप अब तक बिल किसका भर रहे थे?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले. काल ज्यांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं ते पोट धरून हसत होते. भाटिया खाली आले, त्यांना काही कळेना. "भाईसाहब, ये गुप्ता तो वही है जिसका हमने फ्लैट लिया. हमने सोचा बिल वही भर रहा होगा!" बघा, काय पण विश्वास दुनियेवर! दोन एसी, डीप फ्रीझर, गीझर, सगळं मी पोसत होतो. मेणबत्तीत जेवून!

आणि नंदा? तिला बाबांचं सगळं माहीत होतं. बाबा चक्कर येऊन पडल्यापासून तीच त्यांना दुपारी वर पाठवत होती. वाचनालय वगैरे तिचीच शक्कल. दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. "ऑडिट कोण करतं?" असं ती तेव्हा म्हणाली नाही, ही तिची कृपा. नंतर म्हणाली. अजून म्हणते.

आता तुम्हाला वाटेल, संपलं, हसून घरी जावं. छे! इंजिनिअर म्हणाला, "अब आपका मीटर ढूँढते हैं." कोपऱ्यात धुळीत एक मीटर निघाला, आमचं मेन चालू केलं की त्याची चकती मुंगीच्या पावलानं सरकायची. त्याचं बिल पहिल्या मालकाच्या गाझियाबादच्या पत्त्यावर जात होतं. तो पत्ता कधीच बंद झालेला. म्हणजे आम्ही राहायला आल्यापासून माझ्या घराचं एकही बिल भरलं गेलं नव्हतं. मी! ज्यानं शेवटची तारीख कधी चुकवली नाही तो मी, थकबाकीदार!

"नियम में तो डिस्कनेक्शन है जी," इंजिनिअर म्हणाला. "आपने ही कहा था, किसी को छोड़ना मत."

लाइनमननं वायर काढली. गर्दी पांगली. घोषणा देणाऱ्यांपैकी कुणाच्या कुकरची शिट्टी झाली, कुणाच्या मुलाची ट्यूशन निघाली.

मग त्या खिडक्यांचा खेळ पुन्हा सुरू. मी भरलेले पैसे परत द्या म्हटलं, तर म्हणे ते गुप्ताजींच्या खात्यात जमा आहेत, गुप्ताजींना आणा. माझी थकबाकी भरतो म्हटलं, तर म्हणे दंडासकट भरा आणि पहिल्या मालकाचं ना-हरकत आणा. तो कुठाय? कुणालाच माहीत नाही.

घरात वीज नाही आणि वर जून. भाटिया स्वतः आले, हात जोडून म्हणाले, "भाईसाहब, हिसाब हम कर लेंगे. अभी ऊपर से तार खींच लो, बाऊजी का कूलर तो चले." किती चांगला माणूस! आणि मी काय म्हणालो? "मी सरकारी नोकर आहे. चोरीची तार माझ्या घरात चालणार नाही." नंदानं कपाळावर हात मारून घेतला. बाबा ऐकत होते. त्या दिवसापासून त्यांनी वर जाणंही सोडलं. मुलगा फजीत झालाय, आता त्या घरी जाऊन बसायचं कसं, असं त्यांना वाटलं असावं.

मी मात्र एक शहाणपणा केला. हप्त्यावर एसी घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, भाटियांच्यापेक्षा मोठा आहे. खोका हॉलमध्ये ठेवला, कारण लावणार कशाला? बाबा त्या खोक्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि पुठ्ठ्यानं वारा घ्यायचे. मी रोज संध्याकाळी सांगायचो, "बाबा, दोन दिवसांत जोडतात. मग बघा!"

एक दिवस आलो तर बाबांची ट्रंक भरून दारापाशी. तिकीट भाटियांनी काढून दिलं होतं.

"बाबा, आता तर एसी आणलाय!"

"छान केलंस. नंदाला, पोरीला होईल."

"मग जाता कशाला? त्या गार हवेसाठीच वर जात होतात ना?"

बाबांनी पुठ्ठा खाली ठेवला. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हवेसाठी नाही रे," ते म्हणाले. "तिथं माझ्या पाठोपाठ येऊन कुणी बटण बंद करत नव्हतं."

अडवायचं नाही असं कबूल केलेलं होतं. म्हटलं, स्टेशनवर तरी येतो. पण गाडी दुसऱ्या दिवशीची, आणि त्याच दिवशी कंपनीत माझ्या फाइलवर सही व्हायची होती, साहब महिन्यातून एकदाच त्या टेबलावर बसायचे. बाबाच म्हणाले, "तू जा, आधी वीज आण. भाटियाजी सोडतात मला." आणि मी गेलो. हो, गेलो! माझा बाप गाडीत बसत होता आणि मी खिडकीसमोर रांगेत उभा होतो. सही झाली नाही. साहब लंचहून परत आलेच नाहीत.

पाऊस पडून हवा गार झाल्यावर ना-हरकतीऐवजी शपथपत्र चाललं आणि आमची वीज आली. एसी लावला. पहिल्या दिवशी त्याच्यासमोर आम्ही तिघं बसलो. मी उठलो आणि अमरावतीला फोन लावला. शेजाऱ्यांकडे फोन होता, ते बाबांना बोलावून आणायचे. धापा टाकत आले बिचारे.

"बाबा, वीज आली! एसीसमोरूनच बोलतोय."

"अरे वा. भाटियाजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. बाबा, तुम्ही कसे आहात? पाय कसा आहे? न्हाणीघरात रात्री दिवा लावता ना? बाबा, परत या. मी चुकलो. तुम्ही सगळे दिवे लावा, रात्रभर लावा, मी काही…"

"अरे, एसटीडी आहे ना ही?" बाबा घाईघाईनं म्हणाले. "भर दिवसा फोन कशाला लावतोस? रात्री दर कमी पडतो. उगाच बिल चढेल तुझं. ठेवतो मी."

आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी फोन ठेवून दिला.